ओहायो हातचं गेलं तो दिवस

मंगळवार, ६ नोव्हेंबर २०१२

रात्री १२.०० (ओहायो जायला २३ तास १२ मिनिटं)

न्यू हॅम्पशर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाची एक वाडी आहे. तिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मध्यरात्रीच्या ठोक्याला मतदान होतं आणि लगेच मोजणीही. यंदा मतदार दहा. डेमोक्रॅट ओबामा ५, आमचे रिपब्लिकन रॉम्नी ५. वाडीच्या इतिहासात बरोबरी पहिल्यांदाच झाली, असं टीव्हीवाला सांगत होता. २००८ साली तिथेही ओबामांनीच बाजी मारली होती, म्हणजे चार वर्षांत आपण सावरलो, असं मी हिला समजावून सांगितलं. ही भाजणीचं पीठ चाळत होती. म्हणाली, "दहा माणसांतसुद्धा तुमचा माणूस पुढे नाही. झोपा आता."

सकाळी ६.३० (१६ तास ४२ मिनिटं)

ओहायोतली केंद्रं साडेसहाला उघडतात. मी सव्वासहालाच रांगेत होतो. सिनसिनाटीच्या उत्तरेला बटलर काउंटीत वेस्ट चेस्टर आहे, तिथे आम्ही राहतो. प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन बेनर आमच्याच गावचे. रिपब्लिकन पक्षाचा हा बालेकिल्ला. त्यामुळे रांगेत मला कधी एकटं वाटत नाही. एकटं वाटतं ते महाराष्ट्र मंडळात. तिथे रिपब्लिकन असल्याचं उघडपणे कबूल करणारे दोघंच, मी आणि एक भूलतज्ज्ञ. त्यांनाही घरून सक्त ताकीद आहे की गणपतीत हा विषय काढायचा नाही.

मी हिशेबनीस. पुण्यात वाढलो. ऋण काढून सण करू नये, हे मला कुठल्या अर्थशास्त्रज्ञाने शिकवलं नाही, आजीने शिकवलं. सप्टेंबरात देशाचं कर्ज १६ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं, तेव्हा मी जेवताना ते दोनदा बोलून दाखवलं. हिने विचारलं, "त्यातलं बुशसाहेबांचं किती?" आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि स्वयंपाकघर विरोधी पक्षाकडे आहे.

मतपत्रिका हातात घेतली आणि रॉम्नींच्या नावाशी थबकलो. मत त्यांनाच द्यायचं होतं, पण त्या नावापर्यंत पोचायला आमच्या पक्षाने जे केलं ते आठवलं. २०११चं अख्खं वर्ष आम्ही स्थळं बघण्यात घालवलं. रॉम्नींचं स्थळ पहिल्या दिवसापासून दारात उभं होतं. घराणं चांगलं, वडील मिशिगनचे गव्हर्नर. हार्वर्डच्या दोन पदव्या, एक कायद्याची आणि एक व्यवस्थापनाची. पाच मुलगे. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. भांगातला एक केस इकडचा तिकडे नाही. आणि आम्ही काय करत होतो? दर महिन्याला "अजून एखादं बघू या" म्हणत होतो.

आधी मिशेल बाकमन बघितल्या. ऑगस्टात आयोवातली एम्सची चाचणी त्यांनी जिंकली, आणि जानेवारीत त्याच आयोवाने त्यांना घरी पाठवलं. मग टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी आले. ऐटबाज, बूट घातलेले, निवडून आलो तर तीन सरकारी खाती बंद करीन म्हणणारे. नोव्हेंबरात मिशिगनच्या वादविवादात त्यांनी बोटं मोजायला घेतली. एक वाणिज्य, दुसरं शिक्षण, तिसरं... तिसरं आठवेना. सगळा देश थांबला. शेवटी "उप्स" म्हणाले. ते तिसरं खातं ऊर्जेचं होतं आणि पुढे २०१७ साली पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले. आमच्या पक्षात स्मरणशक्तीची अट नाही.

मग हर्मन केन. पिझ्झा कंपनीचे माजी प्रमुख. करयोजना एकदम सुटसुटीत: ९-९-९. व्यक्तीवर नऊ टक्के, कंपनीवर नऊ टक्के, विक्रीवर नऊ टक्के. मी करसल्लागारही आहे. ही योजना आली असती तर माझा धंदा बसला असता, तरी मी आठवडाभर त्यांच्या बाजूचा होतो, यावरून तत्त्वनिष्ठा लक्षात यावी. परराष्ट्र धोरणाबद्दल विचारतील म्हटल्यावर त्यांनी आधीच सांगून टाकलं की उझबेकिस्तानचा अध्यक्ष कोण हे मला ठाऊक नाही. तेही धड न सांगता, त्या देशाच्या नावाची "उबेकी-बेकी-बेकी" अशी टिंगल करून.

न्यूट गिंग्रिच म्हणाले, माझ्या दुसऱ्या कारकिर्दीच्या अखेरीस चंद्रावर अमेरिकेची कायमची वसाहत असेल. दुसऱ्या! पहिलीचा पत्ता नव्हता. रिक सँटोरम बिनबाह्यांचा स्वेटर घालून फिरले आणि मार्चमध्ये आमच्या ओहायोत रॉम्नींना टक्काभराच्या फरकापर्यंत घामाघूम करून गेले. रॉन पॉल सोन्याच्या नाण्यांबद्दल बोलत राहिले. ते मला मनातून आवडतात, पण हे मी भूलतज्ज्ञांनाही सांगितलेलं नाही. न्यूयॉर्कचे बांधकामसम्राट ट्रम्प यांनी ओबामांचा जन्मदाखला मागत मागत एक वसंत गाजवला आणि उभं न राहताच निघून गेले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा घाईने टाकला.

सगळी बघून झाल्यावर पुन्हा रॉम्नी. पदरी पडलं आणि पवित्र झालं. पण पदरी पडल्यावर लक्षात आलं की हा माणूस बोलायला लागला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मिशिगनमध्ये म्हणाले, इथली झाडं अगदी योग्य उंचीची आहेत. पेरींशी वाद झाला तर टीव्हीवर हात पुढे करून दहा हजार डॉलरची पैज. १९८३ साली कुत्र्याला गाडीच्या टपावर खोक्यात बसवून कॅनडाची सहल केली, ते प्रकरण तर तीस वर्षांनीही टपावरून उतरलं नाही. त्यांचाच एक सल्लागार बोलून गेला की उमेदवारी मिळाली की सगळं नव्याने सुरू करता येतं, 'एच अ स्केच'ची पाटी हलवली की चित्र पुसतं तसं. ती पाटी तेव्हा बनवणारी कंपनी आमच्या ओहायोतल्या ब्रायन गावची. त्या विधानानंतर तिचा शेअर भराभर वधारला. रॉम्नी मोहिमेने ओहायोत मिळवून दिलेला, माझ्या माहितीतला, हा पहिला नफा.

मत दिलं. पान मशीनमध्ये सरकवलं.

सकाळी ८.४५

रॉम्नींनी मॅसॅच्युसेट्समधल्या बेलमाँटला मतदान केलं. कोणाला मत दिलंत, असं पत्रकारांनी विचारलं. तुम्हाला ठाऊकच असेल, असं हसून म्हणाले. मी नोंद केली: दिवसातलं पहिलं वाक्य, चूक नाही.

दुपारी १२ च्या सुमारास (सुमारे ११ तास)

रॉम्नी क्लीव्हलंडला उतरले. त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार रायन यायचे म्हणून विमानतळावर थांबले होते, तेवढ्यात उपाध्यक्ष बायडनही न सांगता तिथेच उतरले. म्हणजे ओहायोची काळजी दोन्हीकडे सारखी. अध्यक्ष निवडणारी अठरा प्रतिनिधी-मतं तेव्हा आमच्या राज्याची, आणि ओहायो हरून अध्यक्ष झालेला एकही रिपब्लिकन इतिहासात नाही. हे दोन्ही पक्षांना तोंडपाठ. रॉम्नी आणि रायन मग वेंडीजमध्ये बर्गर खायला गेले. वेंडीज ओहायोची. तिथलं खाल्लं म्हणजे आपण तुमच्यातलेच, असा हिशेब.

बायडन यांच्याबद्दल माझं मत रायनबरोबरच्या त्यांच्या वादविवादानंतर पक्कं झालं. नव्वद मिनिटं ते हसत होते. रायन तूट म्हणाले की हसू, इराण म्हणाले की हसू, वैद्यकीय विमा म्हणाले की दात दाखवून हसू. रायन बिचारे मधूनमधून पाणी पीत आकडेवारी सांगत होते. माझ्या धंद्यातला माणूस असा पडताना मला बघवेना.

दुपारी, शिकागोत

ओबामा बास्केटबॉल खेळत होते. मतदानाच्या दिवशी खेळायचंच, हा त्यांचा नेम. २००८ साली न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी खेळले नाहीत आणि हरले, तेव्हा हा नेम पक्का झाला. या खेपेला स्कॉटी पिपेन जोडीला. श्रद्धा, नेम, परंपरा या सगळ्या गोष्टी खरं तर आमच्या पक्षाच्या. वापरतात हे.

ओबामांबद्दल खरं सांगायचं तर माणूस म्हणून ते मला रॉम्नींपेक्षा जास्त आवडतात, आणि तीच तर भीती. इतकं सुंदर बोलतात की भाषण संपल्यावर मी खिसा चाचपून बघतो. निवडून आल्यावर वर्षाच्या आत शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा दोन युद्धं चालू होती. एकदाच ते माझ्या मनासारखे वागले. ३ ऑक्टोबरला डेन्व्हरच्या पहिल्या वादविवादात खाली मान घालून, कागदावर काहीतरी खरडत, अर्धवट झोपेत असल्यासारखे उभे राहिले. रॉम्नींनी त्यांना धुतलं. मी सोफ्यावर उभा होतो. हिने तेवढंच म्हटलं, "लग्नाचा विसावा वाढदिवस आहे त्यांचा आज. त्या दिवशी नवऱ्याला तुमच्याशी हुज्जत घालायला पाठवलंय, लक्ष कसं लागणार?" खरंच होता. ३ ऑक्टोबर १९९२.

दुपारी ३ नंतर (८ तासांच्या आत)

आता जे सांगतो ते आम्हाला त्या दिवशी कळलं नव्हतं, नंतर छापून आलं. रॉम्नींच्या मोहिमेने 'ओर्का' नावाची संगणकप्रणाली बनवली होती. ओबामांच्या प्रणालीचं नाव 'नारव्हेल', म्हणजे सुळ्याचा देवमासा, आणि त्याची शिकार करणारा तो ओर्का. बारसं झकास. कल्पनाही चांगली. प्रत्येक केंद्रावर आपला स्वयंसेवक, हातात फोन. कोण मत देऊन गेलं यावर तो खूण करणार. बॉस्टनच्या टीडी गार्डन क्रीडागृहात शेकडो लोक पडद्यासमोर बसणार आणि न आलेल्यांना बाहेर काढणार.

झालं असं की स्वयंसेवकांना दिलेले परवलीचे आकडे चुकीचे. कित्येकांना केंद्रात बसायचं प्रमाणपत्र मिळालेलं नाही, म्हणून दारातूनच परत. प्रणालीची त्या जागेवर खरी चाचणी त्याच दिवशी पहिल्यांदा होत होती. अचानक इतकी रहदारी वाढली की इंटरनेट पुरवणाऱ्यांना वाटलं हल्लाच झाला, आणि त्यांनी वाहिनी तोडली. ओर्का किनाऱ्यावर येऊन पडला. आणि हा उमेदवार देशाला काय सांगत होता? की मी धंदेवाईक माणूस आहे, बुडत्या कंपन्यांचं व्यवस्थापन मी ताळ्यावर आणतो.

सरकारी संकेतस्थळ पडलं की आम्ही रिपब्लिकन किती खूश होतो, हे पुढच्या वर्षी ओबामांच्या आरोग्यविम्याचं संकेतस्थळ कोसळलं तेव्हा दिसलं. मीही झालो. पण आवाज जरा बेताने.

संध्याकाळी ५ च्या आसपास (सहा तास)

पिट्सबर्गहून परतीच्या विमानात रॉम्नींनी पत्रकारांना सांगितलं की विजयाचं भाषण लिहून झालंय, साधारण १,११८ शब्दांचं. पराभवाचं? लिहिलंच नाही.

या एका गोष्टीत सगळं आलं. शुक्रवारी आमच्या वेस्ट चेस्टरला त्यांची सभा झाली. कडाक्याची थंडी, आणि माणसांचा समुद्र. वीस हजार म्हणा, तीस हजार म्हणा. किड रॉक नावाच्या गृहस्थांनी जे केलं त्याला गाणं म्हणायची माझी तयारी नाही, पण टाळ्या वाजवल्या. पक्षशिस्त. तिथे उभं राहून हरणार असं वाटणं शक्यच नव्हतं. पण तीस हजारांची सभा म्हणजे तीस हजार मतं, आणि तीही ज्या काउंटीत आपण एरवीही जिंकतोच तिथली. हे साधं गणित त्या गर्दीत कोणी मांडत नव्हतं.

बहुतेक चाचण्या ओहायोत ओबामा थोडे पुढे दाखवत होत्या. त्यावर आमच्यातल्या एकाने उपाय काढला होता. चाचण्यांत डेमोक्रॅट जास्त धरलेत, म्हणून आकडे 'सरळ' करून मांडायचे. सरळ केले की सगळीकडे रॉम्नी पुढे. भाष्यकार डिक मॉरिस रॉम्नींना ३२५ प्रतिनिधी-मतं देत होते, स्तंभलेखक जॉर्ज विलसारखा शहाणा माणूस ३२१. आमच्या व्यवसायात आधी नफा ठरवून मग वही लिहिणाऱ्याचा परवाना जातो. मी ते सगळे आकडे आवडीने वाचत होतो. मुलगा कॉलेजातून फोनवर म्हणाला, "बाबा, नेट सिल्व्हर ओबामांच्या विजयाची शक्यता नव्वद टक्के सांगतोय." तो बेसबॉलचे आकडे मांडायचा, मी म्हटलं. "म्हणूनच," मुलगा म्हणाला, "त्याला कोण जिंकावं असं वाटतं त्याने बॉल थांबत नाही."

संध्याकाळी ७.३० (३ तास ४२ मिनिटं)

ओहायोतलं मतदान संपलं. केंटकी आपलं, इंडियाना आपलं. इंडियाना गेल्या वेळी ओबामांनी नेलं होतं, ते परत आलं. चकलीचा पहिला घाणा उतरला. दिवाळी आठवड्यावर, मंडळाच्या फराळाची ऑर्डर हिच्याकडे. "अहो, टीव्हीचा आवाज कमी करा, चकल्या तुटतायत." आवाजाने चकली तुटते हे मी कुठे वाचलेलं नाही. तरी कमी केला.

रात्री ९ ते १०

मिशिगन ओबामांकडे. रॉम्नींचा जन्म तिथला. पेनसिल्व्हेनिया गेलं. विस्कॉन्सिन गेलं, ते रायन यांचं घरचं राज्य. न्यू हॅम्पशर गेलं, तिथे रॉम्नींचं तळ्याकाठी घर आहे. उमेदवाराला जिथे जिथे ओळखतात तिथे तिथे पडझड, अशी एक तालिका मी कागदावर केली आणि ही बघायच्या आत उलटी ठेवली.

रात्री १०.३० (४२ मिनिटं)

ओहायोचे आकडे वरखाली होत होते. आमच्या बाजूच्या काउंट्यांची मतं अजून यायची आहेत, असं दर पाच मिनिटांनी कोणीतरी सांगे. यायची होती ती वायव्येकडचीही, टोलिडोची. टोलिडोला जीप बनते. २००८ साली रॉम्नींनी वर्तमानपत्रात लेख लिहिला होता की सरकारने मोटार कंपन्यांना नुसते पैसे चारू नयेत, त्यांनी रीतसर दिवाळखोरीतून जाऊन सुधारावं. हिशेबनीस म्हणून सांगतो, लेखात तथ्य होतं. शेवटी झालंही साधारण तसंच, सरकारी पैसा ओतून. पण वर्तमानपत्राने मथळा दिला: डेट्रॉइटला दिवाळखोर होऊ द्या. मथळा त्यांचा नव्हता, पण ज्याच्या घरात जीपचा पगार येतो तो मथळाच वाचतो.

त्यावर ऑक्टोबरअखेर आमच्या मोहिमेने जाहिरात काढली, तिचा रोख असा की जीप आता चीनमध्ये बनणार. क्रायस्लरचे प्रमुख मार्किओने यांनी कामगारांना पत्र लिहून कळवलं की टोलिडोचं काम कुठेही जात नाही. ज्या माणसाचा कारखाना, तोच जाहिरात खोटी म्हणतोय. ओहायो तिथे गेलं असावं. बाकी सगळं मोजणीचं काम.

रात्री ११.१२

एनबीसीने ओहायो ओबामांना दिलं. पाठोपाठ फॉक्सने दिलं. आमच्या फॉक्सने!

पुण्यात बुधवारची सकाळ, पावणेदहा वाजत आलेले. थोरल्या भावाचा फोन. "अरे, तो तुझा, केसवाला, पडला ना?" मी म्हटलं, दादा, अजून मोजणी चालू आहे. "चालू दे, चालू दे," दादा म्हणाले. त्यांनी कसब्यात अशा कित्येक मोजण्या पाहिल्यात.

रात्री ११.१६

ओबामांनी ट्विटरवर बायकोला मिठी मारल्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, आणखी चार वर्षं. ही चष्मा लावून बघून गेली.

रात्री ११.३० च्या आसपास

आणि आता कार्ल रोव्ह. बुश यांच्या दोन्ही विजयांचे शिल्पकार. २००४ साली सगळी निवडणूक ओहायोवर येऊन ठेपली होती आणि त्यांनी ती काढली होती. या वर्षी त्यांच्या संघटनांनी रॉम्नींसाठी देणगीदारांकडून शेकडो मिलियन डॉलर उभे केले होते. आणि हेच गृहस्थ फॉक्सवर तज्ज्ञ म्हणून बसलेले. फॉक्सने ओहायो जाहीर केल्यावर त्यांनी फॉक्सच्याच पडद्यावर हरकत घेतली. घाई झाली म्हणाले, फरक हजारभर मतांचाही नाही, अमुक काउंटी राहिली, तमुक काउंटी राहिली.

मग फॉक्सच्याच निवेदिका मेगिन केली उठल्या आणि कॅमेरा मागे घेऊन लांबलचक बोळातून चालत निघाल्या, आकडेमोड करणाऱ्यांच्या खोलीकडे. मीही सोफ्यावरून पुढे सरकलो. आपलं कोणीतरी जाऊन विचारतंय, म्हणजे काहीतरी होणार! खोलीत दोन-चार दमलेली माणसं. खात्री आहे का? ९९.९५ टक्के, असं उत्तर आलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी ओळखतो. मार्चअखेर एखादा अशील येऊन "पुन्हा एकदा बेरीज करून बघा ना" म्हणतो, तेव्हा माझा तोच असतो.

त्याच रात्री केलींनी रोव्ह यांना विचारलेला प्रश्न मला आमच्या पक्षाच्या कचेरीत भिंतीवर लावावासा वाटतो. हे गणित रिपब्लिकन म्हणून स्वतःला बरं वाटावं म्हणून करताय, की खरं आहे? चार वर्षं आम्ही ओबामांना तुटीचे आकडे दाखवत होतो, आकडे खोटं बोलत नाहीत असं बजावत होतो. आणि आमच्याच राज्याचे आकडे समोर आले तेव्हा आमचा सगळ्यात हुशार माणूस त्यांच्याशी भांडत बसला.

भूलतज्ज्ञांचा निरोप आला: "मी झोपतो." भूल कुणाला द्यायची राहिली नव्हती.

याच तासाभरात ट्रम्प यांनीही ट्विटरवर तोंडसुख घेतलं. प्रतिनिधी-मतांची ही पद्धत म्हणजे लोकशाहीवरचं संकट आहे, असं लिहिलं. चार वर्षांनी त्याच संकटाने त्यांना, एकूण मतं कमी पडूनही, व्हाइट हाउसात नेऊन बसवलं.

रात्री १२.५५

रॉम्नी बॉस्टनच्या व्यासपीठावर आले. न लिहिलेलं भाषण पाच मिनिटांत केलं. नीट, सभ्य, एकही शब्द वाकडा नाही. झाडांची उंची नाही, पैजा नाहीत. असे ते वर्षभर बोलले असते तर, असं मी म्हणायला लागलो, तर ही म्हणाली, "हरल्यावर सगळेच चांगले बोलतात. तुमच्या माणसाला ते जिंकण्याआधी जमलं नाही." आणि चकल्यांचा डबा पुढे केला. तुटक्या चकल्या.

बंदरावर आठ मिनिटांच्या आतषबाजीची परवानगी काढून ठेवली होती. ती दारू तशीच राहिली. फ्लोरिडाचा निकाल शनिवारी लागला, तोपर्यंत कोणाला पर्वा नव्हती. प्रतिनिधी-मतं शेवटी ओबामा ३३२, रॉम्नी २०६. एकूण मतांत रॉम्नींना ४७.२ टक्के. देणगीदारांच्या जेवणात त्यांनी ज्या ४७ टक्के लोकांना सरकारवर विसंबणारे म्हणून हिणवलं होतं आणि ज्याचं चोरून केलेलं चित्रण सप्टेंबरात सगळ्या देशाने पाहिलं, तोच आकडा. खतावणीत असा योग आला तर मी तपासनिसाला बोलावतो.

पहाटे २ च्या सुमारास

मोहिमेचे कार्यकर्ते टॅक्सी करून घरी निघाले. उतरताना मोहिमेचं क्रेडिट कार्ड पुढे केलं, तर चालेना. सगळी कार्डं रातोरात बंद करण्यात आली होती. सगळ्या मोहिमेत वेळच्या वेळी झालेलं, माझ्या मते, हे एकच काम, आणि ते हिशेबखात्याने केलं.